किडनॅपिंगची धमाल आणि डार्क कॉमेडी: एकाच यादीत कोंबू नका

परवा परत कुणीतरी 'किडनॅपिंगवरच्या भन्नाट डार्क कॉमेडी' अशी यादी टाकली, आणि पहिल्या नंबरला काय, तर 'हेरा फेरी'. अरे बाबांनो, मला तो सिनेमा तोंडपाठ आहे, बाबुराव गणपतराव आपटेंवर माझं अपार प्रेम आहे, पण त्यात डार्क, म्हणजे भयंकर गोष्टीवर बेतलेला काळा विनोद, कुठे आहे ते एकदा सांगा ना!

स्टोरी सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीये. राँग नंबर, खंडणीचा फोन भलत्याच घरी, आणि तीन कडके मधल्यामधे स्वतःचा वाटा मारायला बघतात. मूळ मल्याळम सिनेमा १९८९चा, हिंदी २०००चा. पळवलेली पोरगी सुखरूप घरी येणार हे आपण पहिल्यापासून धरूनच चालतो, तिच्या काळजीने कुणी नखं खात बसत नाही. ती तिथे आहे कारण फोन वाजायला कारण पाहिजे. हे वाईट नाही हां, ही जुनी पद्धत आहे. अमेरिकन लेखक ओ. हेन्रीची १९०७ची गोष्ट घ्या, पळवलेलं पोरगं किडनॅपर्सना इतकं छळतं की शेवटी तेच बापाला २५० डॉलर देऊन त्याला परत घ्या म्हणतात. धमाल, पण डार्क नाही.

आता 'फार्गो', १९९६चा अमेरिकन सिनेमा. (स्पॉयलर आहेत, पण एवढ्या वर्षांत बघितला नसेल तर माझा नाइलाज आहे.) कर्जात बुडालेला गाड्या विकणारा जेरी स्वतःच्याच बायकोला पळवायची सुपारी देतो, पैसे सासऱ्याकडून काढायचे म्हणून. किडनॅपर्सना सांगतो ऐंशी हजार डॉलर मागायचेत, अर्धे तुमचे, आणि सासऱ्याला सांगतो दहा लाख. इथपर्यंत 'हेरा फेरी'च वाटते, बरोबर? गोंधळ इथेच होतो.

पण तो पळवण्याचा सीन बघा. ती बाई एका किडनॅपरच्या हाताला कडकडून चावते आणि वर बाथरूममध्ये पळते. हा मागोमाग येतो, पण तिला शोधायचं सोडून आधी कपाटात मलम शोधत बसतो, हाताला लावायला. तुम्ही फस्सकन हसता. तेवढ्यात ती शॉवरच्या पडद्यात गुरफटलेली बाहेर येते, काही दिसत नाही तरी सैरावैरा धावते आणि जिन्यावरून गडगडत खाली पडते, आणि तेही हसायला येईल असंच दाखवलंय, फक्त आता हसू घशात अडकतं कारण त्या पडद्यात एक घाबरलेली बाई आहे जिने कुणाचं काहीच वाकडं केलेलं नाही. आणि पुढे ती मरते. ना मोठा सीन, ना म्युझिक. गप्प बसत नव्हती, एवढंच कारण.

खरा फरक हा आहे. पहिल्या प्रकारात विनोद भीती पुसून टाकतो, तुम्ही हसलात की धोका संपला. दुसऱ्यात ज्याला हसलात त्याचंच बिल पुढे येतं, आणि भरतं भलतंच कुणीतरी. मी साधी टेस्ट लावतो: हसून झाल्यावर ओलीस ठेवलेला माणूस आठवतो का? नसेल आठवत तर मजा करा, पण डार्क म्हणू नका.

बाकी फरक किरकोळ. मुडदे मोजून काही ठरत नाही, वीस पडले तरी ते नुसते सोंगट्यांसारखे पडत असतील तर काय उपयोग. शिव्यांनी तर नाहीच. थ्रिलर दोन्ही असू शकतात. आणि डार्क म्हणजे स्क्रीनवर अंधार असं समजणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार, 'फार्गो'मध्ये जिकडे बघाल तिकडे पांढराशुभ्र बर्फ आहे!

मला विचाराल तर मी दुसऱ्या प्रकारातला माणूस आहे, पण दमून आल्यावर पहिलाच लावतो. चिडचिड लेबलची आहे. असल्याच एका यादीवर भरवसा ठेवून माझ्या एका मित्राने 'हेरा फेरीसारखाच आहे' म्हणत आईवडिलांसोबत 'फार्गो' लावला. लाकडं बारीक करायच्या मशीनमधून मोजा घातलेला पाय वर आलेला दिसला तेव्हा वडील काही बोलले नाहीत, उठून पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, ती गरोदर पोलीसबाई किती गोड आहे नाही?