कमी कचऱ्याचे कार्यक्रम-नियोजन

परिषदा, विवाहसोहळे, क्रीडास्पर्धा, संगीत महोत्सव यांसारखे कार्यक्रम आखताना मुळात कचराच होऊ नये, आणि झाला तर तो मातीत किंवा पुनर्वापरात परत जावा, अशी व्यवस्था करण्याची पद्धत. कार्यक्रमाचा बहुतेक कचरा खरेदीच्या यादीतच ठरून जातो. आयोजकांचे लक्ष मात्र कचरापेट्यांकडे जाते, आणि इथेच पुष्कळ चांगले प्रयत्न फसतात.

म्यूनिक शहराने 1991 पासून महापालिकेच्या जागांवरील कार्यक्रमांत एकदाच वापरायच्या ताटवाट्यांना बंदी केली. नॉर्वेतल्या 1994 च्या लिलहामर हिवाळी ऑलिंपिकपासून मोठ्या क्रीडास्पर्धांत पर्यावरणाचा विचार ठळकपणे होऊ लागला. ब्रिटनमध्ये 2007 साली कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी ‘बीएस 8901’ हे मानक निघाले. त्यातून लंडन ऑलिंपिकच्या वर्षी, 2012 मध्ये, ‘आयएसओ 20121’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. हे मानक कचऱ्याची कमाल मर्यादा सांगत नाही. उद्दिष्टे कशी ठरवावीत, जबाबदारी कोणाची, तपासणी कशी व्हावी, एवढीच चौकट देते. म्हणून केवळ प्रमाणपत्रावरून कार्यक्रम किती स्वच्छ झाला हे कळत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न अन्नाचा. ‘कमी पडायला नको’ या धास्तीने अंदाज फुगवला जातो. येणाऱ्यांची नावनोंदणी आधी घेणे, शेवटचा आकडा स्वयंपाक करणाऱ्यांना वेळेवर कळवणे, बुफेत मोठ्या भांड्यांऐवजी लहान भांडी वारंवार भरणे आणि ताटे थोडी लहान ठेवणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. उरलेले, पण उष्टे न झालेले अन्न वाटायचे असेल, तर घेणारी संस्था आणि वाहन आधीच ठरवावे लागते. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचे तर 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री उशिरा फोनाफोनी सुरू केली तर ही वेळ हमखास टळून जाते. उष्टे अन्न खतासाठी वेगळे काढावे. कचराभूमीत हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ घडवतो.

भांड्यांच्या बाबतीत धुऊन पुन्हा वापरता येणारी स्टील, काच किंवा चिनी मातीची भांडी भाड्याने आणणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. त्यासाठी पाणी, धुण्याची जागा आणि माणसे लागतात, हे नियोजनात धरावेच लागते. मोठ्या महोत्सवांत पेल्यासाठी अनामत घेतात आणि पेला परत केला की ती परत देतात. मात्र पेल्यावर कार्यक्रमाचे नाव आणि वर्ष छापले, तर लोक तो आठवण म्हणून घरी नेतात आणि दर वर्षी नवे पेले बनवावे लागतात. पेला कोराच असावा.

‘विघटनशील’ असा शिक्का असलेल्या वस्तूंपासून विशेष सावध राहावे. पीएलए या वनस्पतिजन्य प्लॅस्टिकला कुजण्यासाठी साधारण 55 ते 60 अंशांचे तापमान टिकून राहणारे औद्योगिक खतकेंद्र लागते; परसातल्या खड्ड्यात ते दीर्घकाळ तसेच पडून राहते. पुनर्वापरासाठी गोळा केलेल्या साध्या प्लॅस्टिकमध्ये मिसळले तर ते प्लॅस्टिकही खराब करते. कागदी पेल्यांना आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. असे खतकेंद्र जवळ नसेल, तर या वस्तूंवर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

पिण्याच्या पाण्याची उत्तरे तुलनेने सोपी आहेत. ब्रिटनमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाने 2019 मध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांची विक्री थांबवली आणि बाटल्या भरून घेण्यासाठी नळांची सोय वाढवली. त्याच वर्षी लंडन मॅरेथॉनमध्ये समुद्रशैवालापासून बनवलेल्या, खाता येणाऱ्या वेष्टनातले पेय धावपटूंना देऊन पाहिले गेले. पाण्याखेरीज इतर वस्तूंतही बचत होते: फलकांवर तारीख टाकली नाही तर ते पुढच्या वर्षी चालतात. स्वागताच्या पिशव्या आणि त्यांतल्या भेटवस्तू सरळ वगळाव्यात. कार्यक्रमाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात मात्र अनेकदा प्रवासाचाच वाटा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे रेल्वे किंवा बसने गाठता येईल अशी जागा निवडणे हा सजावटीच्या कुठल्याही निर्णयापेक्षा वजनदार निर्णय ठरतो.

कचरापेटी कधीही एकटी ठेवू नये. ओला, पुनर्वापराचा आणि उरलेला अशा पेट्यांचा गट एकत्र असावा. फलकावर त्याच कार्यक्रमातल्या वस्तूंची चित्रे लावावीत आणि गर्दीच्या वेळी प्रत्येक गटापाशी स्वयंसेवक उभा असावा. एकाने उष्टे ताट पुनर्वापराच्या पेटीत ओतले की सगळा कागद वाया जातो.

यश मोजण्यासाठी प्रत्येक प्रकारचा कचरा वेगळा तोलून एकूण वजनाला उपस्थितांच्या संख्येने भागावे. ‘शून्य कचरा’ हे बिरुद बहुधा 90 टक्के कचरा कचराभूमीत व कचरा जाळण्याच्या भट्टीत जाण्यापासून वाचवला की लावले जाते. पण ही टक्केवारी एकूण कचरा दुप्पट झाला तरी चांगली दिसू शकते. माणशी ग्रॅमचा आकडा असे लपू देत नाही. हा आकडा पुढच्या वेळी अन्न, मंडप आणि भांडी पुरवणाऱ्यांच्या करारात अट म्हणून घालता येतो.