गुन्हेगारी दर (भारत)

एका वर्षात नोंदल्या गेलेल्या दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात अशा) गुन्ह्यांचे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण म्हणजे गुन्हेगारी दर. भारतात ही आकडेवारी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी, स्थापना १९८६) ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालात देतो. अहवालाची परंपरा विभागापेक्षा जुनी, १९५३ पासूनची आहे. २०२२ मध्ये देशात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले; दर ४२२.२ होता.

हा दर पोलीस ठाण्याच्या दप्तरातून निघतो, त्यामुळे जे दप्तरी चढत नाही ते त्यात दिसत नाही. लोकलच्या गर्दीत मोबाइल मारला गेला आणि फिर्यादीला ‘गहाळ’ झाल्याचा दाखला देऊन वाटेला लावले, तर ती चोरी कुठल्याच तक्त्यात येत नाही. मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांनी २०१७ च्या सुमारास असे दाखले देण्याऐवजी रीतसर गुन्हे नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा रेल्वेतील चोऱ्यांचा आकडा एकदम चढला. एकाच फिर्यादीत अनेक कलमे असली तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर खुनाची नोंद धरली जाते, बलात्काराची सुटते.

कायदा बदलला की दरही हलतो. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्या व्यापक झाली आणि अशी तक्रार नोंदवायला नकार देणारा पोलीस शिक्षेस पात्र ठरला. २०१२ मध्ये २४,९२३ असलेली बलात्काराच्या गुन्ह्यांची संख्या २०१३ मध्ये ३३,७०७ झाली. या वाढीत धीर करून ठाण्याची पायरी चढलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि तिला ‘अत्याचार वाढले’ एवढेच म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. आजही न नोंदलेले दुःख अफाट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) विवाहित किंवा पूर्वी विवाहित अशा सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फारच थोड्या निघाल्या.

२०२० चे उदाहरण याहून बोलके आहे. टाळेबंदीच्या त्या वर्षी चोऱ्या घटल्या, तरी एकूण दर ३८५.५ वरून ४८७.८ वर गेला. सरकारी आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली २०१९ मध्ये २९,४६९ गुन्हे होते. २०२० मध्ये ते ६,१२,१७९ झाले. संचारबंदीत बाहेर पडलेला माणूस आणि घरफोड्या एकाच बेरजेत आले.

म्हणून राज्याराज्यांची किंवा देशादेशांची तुलना एकूण दरावर करू नये. केरळ एकूण दरात देशात वरच्या क्रमांकांवर असते, पण तिथला खुनाचा दर २०२२ मध्ये लाखामागे एकाहूनही कमी होता. झारखंडचा सुमारे ४ होता. ठाण्यात जाणारी, शिकलेली जनता आणि तक्रार घेणारे पोलीस असले की आकडा फुगतोच. स्वीडनमध्ये एकाच आरोपीने वारंवार केलेला प्रत्येक लैंगिक अत्याचार वेगळा मोजतात, हे माहीत नसेल तर तिथल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. खुनाचे तसे नाही. प्रेत लपवणे अवघड असते, त्यामुळे तुलनेसाठी हाच आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. भारतात १९९२ मध्ये तो लाखामागे ४ च्या वर होता. २०२२ मध्ये २.१ होता (२८,५२२ खून). जगाची सरासरी २०२१ मध्ये सुमारे ५.८ होती.

प्रत्यक्ष गुन्हे कशाने वाढतात याचे एकच उत्तर नाही. टोकाची विषमता, तरुण पुरुषांचे लोकसंख्येतील प्रमाण, दारू आणि अमली पदार्थ, शस्त्रांची सहज उपलब्धता व संघटित टोळ्या ही कारणे अभ्यासक सांगतात. निव्वळ गरिबीने खून वाढतात असे दिसत नाही. भारतात बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे सहज मिळत नाही, याचाही परिणाम असावा. २०२२ मधील खुनांमागे ‘वाद’ हे कारण सर्वाधिक, ९,९६२ प्रकरणांत, नोंदले आहे: बांध, पाणी, पैसा, घरातले हेवेदावे. यातले बरेच वाद दिवाणी न्यायालयात वेळेवर निकाली निघाले असते तर माणसे वाचली असती, असे मानायला जागा आहे. पोलिसांच्या मंजूर पदांपैकी सुमारे एक पंचमांश पदे देशभरात रिकामी आहेत. त्याने वचक कमी होतो आणि नोंदीही.

दर काढताना छेदस्थानी येणारी लोकसंख्याही निर्दोष नाही. २०११ नंतर जनगणना न झाल्याने राज्यांचे दर अंदाजित लोकसंख्येवर काढले गेले, महानगरांचे तर थेट २०११ च्याच आकड्यावर. २०२२ च्या अहवालात पुण्याची लोकसंख्या सुमारे ५०.५ लाखच धरली आहे. तेव्हापासून वाघोली, हिंजवडीकडे राहायला आलेल्या लाखो लोकांचे गुन्हे मोजले जातात, माणसे मोजली जात नाहीत.