कुत्र्याला फोटोशूटला आणायच्या आधी एवढं वाचाच

बुकिंग केल्याबद्दल थँक्यू! कागद लगेच टाकून देऊ नका, यातलं बरंचसं आम्ही पैसे घालवून शिकलोय.

मागच्या हिवाळ्यात एका ताईंनी त्यांचा लॅब आणि बहिणीचा बीगल असं दोघांचं एकत्र शूट ठेवलं होतं. लॅब दीड वर्षाचा, बीगल आठ महिन्यांचा, म्हणजे दोघंही ऐन मस्तीच्या वयात. आणि आम्ही काय केलं, दोघांना थेट स्टुडिओत घेतलं, पट्टे सोडले आणि पींपीं वाजणारा बॉल काढला. एकच बॉल! दोघं एकदम झेपावले, लॅब गुरगुरला, बीगल घाबरून मागे पडद्यासारख्या लावलेल्या नऊ फुटी पेपर रोलमध्ये घुसला, कागद टराटरा फाटला आणि त्याचा एक लांब तुकडा अंगावर घेऊन तो लाइटच्या स्टँडभोवती असा काही फिरला की स्टँड आडवा. लॅबच्या नाकापासून हातभर अंतरावर. स्टँडवर वाळूची पिशवी ठेवलेली नव्हती, ती चूक शंभर टक्के आमची. मग लॅबने शांतपणे उरलेल्या रोलवर पाय वर केला. दोन तासांत धड फोटो तीन, त्यातला भारी एकच, बीगलच्या कानावर कागदाची चिंधी लटकतीये तो. ताईंचे पैसे परत केले, तो फोटो मात्र त्या मागून घेऊन गेल्या.

तेव्हापासून दोन कुत्री असली की आधी बाहेर रस्त्यावर वीस मिनिटं शेजारी शेजारी चालवतो, मगच आत. पट्टा काढत नाही, फोटोत तो आम्ही नंतर पुसतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीतच असतो, कुत्र्याला सगळं हुंगू दे. काही लोकांना वाटतं आम्ही टाइमपास करतोय, पण ते हुंगणंच निम्मं शूट आहे हो.

तुमच्याकडून काय हवं, तर येण्याआधी अर्धा तास फिरवून शी-शू उरकून आणा, पण पार दमवू नका, दमलेला कुत्रा जीभ बाहेर काढून नुसता धापा टाकत बसतो. जेवण दोन-तीन तास आधी आणि हलकंच, म्हणजे खाऊला किंमत राहते. खाऊ त्याच्या सवयीचाच आणा, उकडलेलं चिकन किंवा पनीरचे बारीक तुकडे, चॉकलेट आणि मनुके अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी असतात. आंघोळ एक-दोन दिवस आधी घाला, त्याच दिवशी घातली की घरभर सुसाट पळतात ते इथेही चालू राहतं. बॉल निळा किंवा पिवळा आणा, कुत्र्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हिरवळीवर लाल बॉल त्याला पटकन सापडत नाही.

आणि हात जोडून विनंती, हाक एकानेच मारायची. आई, बाबा, आजी, दादा सगळे चार बाजूंनी "इकडे बघ, इकडे बघ" करतात, मग ते बिचारं कुठेच बघत नाही. आमचा तो पींपीं बॉलसुद्धा आम्ही आता तीन-चारदाच वाजवतो, नंतर कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही किंवा मग इतकं वाटतं की कॅमेऱ्यावर उडी येते.

सारख्या जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, असं दिसलं की आम्ही थांबतो. तो कंटाळलेला नसतो, घाबरलेला असतो. अशा वेळी दुसरी तारीख फुकट देतो, एकदा.

टेकडीवर शूट हवं असेल तर सूर्य उगवतानाच, आणि पट्टा लावूनच. तिथे मोर असतात, आणि मोर दिसल्यावर तुमचा शेरू तुमचा राहत नाही. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार.

रेबीजच्या लशीचं कार्ड व्हॉट्सॲपवर आधी पाठवा. फिमेल हीटवर असेल तर लाजू नका, सांगा, त्या दिवशी दुसरं शूट ठेवत नाही. तुमच्या पोराने आमचं काही तोडलं तर पैसे मागणार नाही, पेपर रोल तर आता आम्ही दोन जास्तीचे आणूनच ठेवतो.