दिवाण सरकवण्याचा इतिहास

पुण्याचा भाचा सुट्टीत इंदूरला यायचा तेव्हा बॅट घेऊन यायचा. यंदा व्हिडिओ गेमचा, डोळ्यांपुढे पडदा धरणारा, डोक्याला बांधायचा डबा घेऊन आला. चहा व्हायच्या आतच म्हणाला, "मामा, दिवाण जरा सरकवू या?" रामबागेतल्या आमच्या घरचा दिवाण आजोबांच्या वेळचा, सागवानी, दोघांशिवाय हलत नाही. एक टोक उचलताना आठवलं, की व्हिडिओ गेमपायी तो हलवायची ही तिसरी खेप. टीव्हीतल्या खेळात हातपाय घालायचे तर आधी खोली रिकामी करावी लागते. या साऱ्या यंत्रांची कहाणी मला तरी खोलीचीच कहाणी वाटते.

पहिल्या यंत्राला दिवाण हलवावा लागला नव्हता. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला आणि नव्वदच्या दशकात त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे पोचल्या. आम्ही त्याला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचो. खोक्यात दोन रिमोट आणि प्लास्टिकची एक बंदूक. बदकं मारायचा 'डक हंट' मूळचा १९८४ चा. बंदुकीतून काहीतरी सुटतं आणि काचेवर आदळतं, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात बंदूक फक्त बघायची. चाप ओढला की पडदा निमिषभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या प्रकाश टिपणाऱ्या तुकड्याला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, की नेम लागला. बदकं दोन असली तर चौकोन एकापाठोपाठ एक उमटत, त्यावरून कोणतं पडलं ते कळे. आधी अंधार कशाला? कुणी बल्बकडे बंदूक रोखून फसवू नये म्हणून. नळी थेट काचेला टेकवणाऱ्यांवर मात्र इलाज नव्हता, आणि आमच्या गल्लीत सगळे तसेच मारायचे. हा सगळा हिशेब पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बसवलेला. चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे माळ्यावरची ती बंदूक आता आंधळी आहे.

१९८९ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीनं 'पॉवर ग्लव्ह' हा खेळायचा हातमोजा विकायला काढला. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवरून हात कुठे आहे ते तो ताडायचा. दिसायला झोकदार, खेळायला वैताग. आमच्यापर्यंत तो फक्त चित्रात आला.

दिवाण पहिल्यांदा हलला तो 'वी'मुळे, म्हणजे रिमोट हवेत हलवून टीव्हीवर खेळायच्या मशीनमुळे. २००६ च्या शेवटी निन्टेन्डोनं ती आणली. आमच्याकडे मावसभावानं अमेरिकेहून आणली, म्हणजे ११० व्होल्टवाली. महाराणी रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणला तेव्हा कुठे चालू झाली. रिमोटमध्ये हालचाल ओळखणारी सिलिकॉनची चिप होती. आत केसाहून बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं इवलंसं वजन असतं. हात झटकला की ते सरकतं आणि विजेचा हिशेब बदलतो. तीच जात त्याआधी मोटारींच्या एअरबॅगमध्ये राबत होती. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत, पण तिच्यात सेन्सर एकही नाही. दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे दिवे असतात, आणि त्यांच्याकडे बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात. दोन मेणबत्त्यांवरही काम भागतं, असं वाचलं होतं. आम्ही देवघरातली दोन निरांजनं ठेवून पाहिली. चाललं! आजी म्हणाली, "देवाला तेवढी परत द्या."

तीच आजी दुसऱ्या दिवशी दिवाणावर बसून बोलिंग खेळली. जिनं कधी रिमोटवरची बटणं ओळखली नाहीत, तिला हात मागे नेऊन पुढे फेकणं शिकवावं लागलं नाही. दहा कोटींहून जास्त वी खपल्या त्याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. मी मात्र उभा राहून टेनिस खेळलो आणि ट्यूबलाइट फोडली. त्यात मी एकटा नव्हतो. रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आपटायला लागल्यावर २००६ च्याच डिसेंबरात निन्टेन्डोनं मनगटाचे ३२ लाख पट्टे बदलून द्यायचं ठरवलं. महिन्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं, की नुसतं मनगट हलवलं तरी तोच फटका बसतो, आणि सगळे परत दिवाणावर रेलले. २००९ मध्ये वळण ओळखणारा जायरोस्कोप जोडायची सोय झाली, पण रेललेली माणसं उठली नाहीत.

मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०१० मध्ये रिमोटच काढून टाकला. त्यांच्या 'किनेक्ट' या टीव्हीपाशी ठेवायच्या कॅमेऱ्यात प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं तंत्र होतं. खोलीभर अदृश्य ठिपक्यांची जाळी टाकायची, कुठला ठिपका किती सरकला त्यावरून अंतर काढायचं आणि त्यातून माणसाचा सांगाडा ओळखायचा. ६० दिवसांत ८० लाख नग खपले. पण त्याला समोर एकट्यासाठी सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट मोकळी जागा लागे. आमचा हॉल अकरा फुटी. त्यातून टीव्हीचं टेबल आणि दिवाण वजा केला की उरतं काय? दिवाण ओसरीत गेला, आठवडाभर तिथेच राहिला, आणि वडिलांना दुपारची वामकुक्षी कुठे घ्यायची हा प्रश्न पडला. पुढे किनेक्ट मागे पडला. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. ठिपक्यांची ती युक्ती मात्र मेली नाही. प्राइमसेन्स २०१३ मध्ये ॲपलनं विकत घेतली, आणि आज चेहरा पाहून उघडणारा आयफोन तशाच ठिपक्यांनी तोंड ओळखतो.

डोक्यावरच्या डब्याची वंशावळ याहून जुनी. १९६२ मध्ये मॉर्टन हायलिग यांनी 'सेन्सोरामा' या यंत्राचं पेटंट घेतलं: मोटारसायकलची फेरी, वारा, थरथर, वाससुद्धा. १९६८ च्या सुमारास आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा पडदा केला. तो इतका जड, की छतातून टांगावा लागे. निन्टेन्डोचा 'व्हर्च्युअल बॉय' १९९५ चा, नुसता लाल रंगाचा, तिवईवर ठेवून वाकून बघायचा. वर्षभरात गुंडाळला. मग मोबाइलनं वाट मोकळी केली. खिशातल्या फोनसाठी बारीक पडदे आणि वीमधल्यासारख्या चिपा ढिगानं बनू लागल्या, स्वस्त झाल्या, आणि पामर लकी या तरुणानं २०१२ मध्ये 'ऑक्युलस रिफ्ट' या डब्यासाठी लोकांकडून २४ लाख डॉलर गोळा केले. दोनच वर्षांनी फेसबुकनं त्याची कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला घेतली. त्याच कंपनीचा २०१९ चा 'क्वेस्ट' हा डबा आला तेव्हा वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही सुटले.

सुटली नाही ती मळमळ. डोळे म्हणतात आपण धावतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण दिवाणापाशी उभे आहोत. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात गाडी लागते, तिथे भांडण हेच, फक्त बाजू उलट्या. मान वळवल्यावर चित्र वीस मिलिसेकंदांच्या आत वळलं नाही तर पोट तक्रार करतं. चित्र सेकंदाला नव्वद वेळा बदलायचा आग्रह त्यातूनच आला.

आपल्याकडचं म्हणाल तर गाडी साहजिकच क्रिकेटवर आली. सोनीच्या 'मूव्ह' कांडीनं खेळायचा गल्ली क्रिकेटचा खेळ २०१२ चा, आणि हैदराबादच्या प्रोयुगाचं 'आयबी क्रिकेट' २०१८ चं, डबा घालून खेळायचं. भाच्यानं मलाही तसल्याच एका खेळात उभं केलं. चेंडू अंगावर येतो तेव्हा दचकायला होतं, हे कबूल. पण बॅटला चेंडू लागल्याचं मनगटात काही येत नाही. हातात नुसती गुरगुर. ज्या गावात सी. के. नायडू राहिले तिथल्या माणसाला एवढ्यावर समाधान मानायला लावणं मला जरा जास्तच वाटलं. आणि बघणाऱ्यांचं काय? वी खेळताना अख्खं घर हसायचं. डब्याआड माणूस एकटा रंगतो, बाकीच्यांना तो हवेत हात मारणारा खुळा दिसतो.

२०२३ च्या क्वेस्ट ३ नं खोली पुन्हा आत घेतली. तो कॅमेऱ्यांनी भिंती आणि सामान मोजतो आणि खेळ तुमच्याच हॉलमध्ये मांडतो. भाच्यानं खोलीभर फिरून मोजणी केली आणि एकेका वस्तूला यादीतलं नाव दिलं. टेबल होतं, पलंग होता, दिवाण नव्हता. शेवटी त्यानं 'सोफा' लिहिलं, आणि आम्ही दोघांनी तो उचलून परत भिंतीला लावला.