मोटरसायकलचं सेल्फ-ट्यूनिंग: पार्श्वभूमी

सेल्फ-ट्यूनिंग म्हणजे चालता चालता यंत्राने स्वतःच इंजिनाचं पेट्रोल जुळवून घेणं. इंजिनाला हवा आणि पेट्रोल कोणत्या प्रमाणात मिळतं, सगळं ट्यूनिंग त्याभोवती फिरतं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर मिश्रण जरा रिच (पेट्रोल जास्त), म्हणजे 13 च्या आसपास ठेवतात. कार्ब्युरेटरच्या काळात हा आकडा कुणाला दिसत नव्हता. मेकॅनिक फुल थ्रॉटलवर गाडी पळवायचा, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करायचा आणि प्लग काढून बघायचा. प्लगचं पोर्सेलिन पांढरं असेल तर लीन (पेट्रोल कमी), काळं काजळलेलं असेल तर रिच, विटकरी-तपकिरी असेल तर जमलं. मग मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) बदला, पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या नीडलची क्लिप एक घर वर-खाली करा, पुन्हा पळवा. या विद्येबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या आरपीएमला आणि ज्या थ्रॉटलला इंजिन बंद केलं, तेवढ्याचाच हाल प्लग सांगतो.

1980 मध्ये कावासाकीची झेड1000-एच1 फ्युएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) घेऊन आली, 1982 मध्ये होंडाची सीएक्स500 टर्बो, 1983 मध्ये बीएमडब्ल्यूची के100. सुरुवातीच्या काही गाड्यांत आत येणारी हवा मोजायला झडप असायची. पुढे बऱ्याच गाड्यांतून ती गेली आणि ईसीयूतला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातला) मॅप आला: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल, आणि प्रत्येक घरात पेट्रोलचा ठरलेला आकडा. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला की इंजिन जास्त हवा ओढतं, पण अशा मॅपला ते कळत नाही. पेट्रोल जुन्याच आकड्याने पडतं आणि गाडी लीन होते. जेट काढून बसवायची सोय तर उरलीच नव्हती.

1990 च्या दशकात डायनोजेट कंपनीचा पॉवर कमांडर आला. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसून तो पेट्रोल कमी-जास्त करायचा. आकडे बदलण्याची वाट मोकळी झाली, पण कोणत्या घरात किती भरायचं हे शोधायला डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घर-घर तपासत बसावं लागे.

ते काम ज्या सेन्सरने हलकं केलं, त्याचा उगम फार मागचा. 1897 च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्थर नर्न्स्ट यांनी झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा दिवा बनवला. हे सिरॅमिक तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. त्याच गुणावर बॉशने गाडीच्या धुरातला ऑक्सिजन ओळखणारा लॅम्डा सेन्सर तयार केला आणि 1976 मध्ये व्होल्वोने तो कॅलिफोर्नियासाठीच्या मोटारींत बसवला. हेतू एकच होता, हवा स्वच्छ राहावी. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला मिश्रण 14.7 लाच धरून ठेवावं लागतं, आणि हा सेन्सर नेमका तिथेच उडी मारतो: लीनकडे 0.1 व्होल्टच्या आसपास, रिचकडे 0.9 च्या. पण 13.2 आणि 12.5 यांतला फरक त्याला धड सांगता येत नाही. तो सांगणारा वाइडबँड सेन्सर 1990 च्या दशकात आला. त्यात दुसरा कोष असतो, तो ऑक्सिजन आत-बाहेर पंप करतो आणि त्यासाठी किती करंट लागला त्यावरून प्रमाण कळतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा हाच.

यानंतर सेल्फ-ट्यूनिंग जवळ आलं. पॉवर कमांडरला ऑटोट्यून जोडला गेला, तर हार्ली-डेव्हिडसनसाठीच्या थंडरमॅक्सने मूळ ईसीयूच्या जागी स्वतःचा ईसीयू बसवला. काम असं चालतं: समजा 4000 आरपीएम, 20 टक्के थ्रॉटल या घराचं लक्ष्य 13.2 आहे आणि सेन्सर 14.1 दाखवतोय. यंत्र त्या घरात जवळपास 7 टक्के पेट्रोल वाढवायचा हिशेब करतं, पुन्हा मोजतं, पुन्हा सुधारतं. चालवता चालवता मॅप भरत जातो.

पण सेन्सरला दिसतो फक्त ऑक्सिजन. सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत आली, की त्याला इंजिन लीन वाटतं. जास्त पेट्रोलमुळे मिसफायर झाला, म्हणजे मिश्रण नीट पेटलंच नाही, तरी न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि यंत्र आधीच रिच असलेल्या इंजिनात आणखी पेट्रोल ओततं. म्हणून यंत्र लावण्याआधी गॅस्केट, जोड आणि प्लग तपासायलाच हवेत. लक्ष्याचा आकडाही माणसानेच द्यायचा असतो. तो चुकीचा दिला, तर यंत्र इमानाने चुकीच्याच जागी पोचतं.

लक्ष्य कोण ठरवणार, हा वाद पुढे कायद्यापर्यंत गेला. हार्ली-डेव्हिडसन विकत असलेला ट्यूनर (इंजिनाच्या मॅपचे आकडे बदलणारं साधन) बसवल्यावर गाडी प्रमाणित मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण करते, असा अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचा आक्षेप होता. ऑगस्ट 2016 मध्ये हार्ली-डेव्हिडसनने 1.2 कोटी डॉलर दंड मान्य केला, ते ट्यूनर विकणं थांबवलं आणि पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने प्रमाणित केलेलेच ट्यूनर विकण्याची अट स्वीकारली.