मेद ऊतक : अंतःस्रावी कार्य व विकार

मेद ऊतक म्हणजे मेदपेशी, त्यांना धरून ठेवणारे संयोजी ऊतक, केशवाहिन्या आणि प्रतिरक्षा पेशी यांचा समुच्चय. ऊर्जेचा साठा व उष्णतारोधन ही त्याची कार्ये सर्वपरिचित आहेत. रक्तात संप्रेरके सोडणारे इंद्रिय म्हणून त्याची दखल उशिरा घेतली गेली. सूक्ष्मदर्शकासाठी नेहमीच्या पद्धतीने काचपट्टी तयार करताना द्रावकांत मेद विरघळून जातो. मग उरते ती रिकामी जाळी आणि पेशीच्या कडेला दाबले गेलेले, अंगठीच्या खड्यासारखे दिसणारे केंद्रक. हे ऊतक दीर्घकाळ निव्वळ ‘भरण’ मानले गेले, त्याला हे चित्रही काही अंशी कारणीभूत असावे.

मेद ऊतक संप्रेरके स्रवते, या शोधाच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी लेप्टिनचे (मेदपेशींतून स्रवणाऱ्या, भूक आवरणाऱ्या संप्रेरकाचे) जनुक वेगळे केले, तोच आरंभ असे बहुधा सांगतात. परंतु मेदपेशींतून रक्तात जाणारे ॲडिप्सिन हे प्रथिन १९८७ मध्येच वर्णिले गेले होते. मेद ऊतकात पुं-संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनते, हेही १९७० च्या दशकात माहीत होते. मेदसाठ्याच्या प्रमाणात मेंदूला संकेत जात असावा, ही कल्पना तर संशोधक केनेडी यांनी १९५३ मध्ये मांडली. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी उंदरांच्या जोड्यांचे रक्ताभिसरण एकत्र जोडले. एका जातीच्या लठ्ठ, मधुमेही उंदराला जोडलेला निरोगी उंदीर खाणे सोडून उपासमारीने मेला. दुसऱ्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडताच कमी खाऊ लागला. पहिल्याला संकेत ओळखता येत नाही आणि दुसऱ्याकडे तो तयारच होत नाही, हा कोलमन यांचा निष्कर्ष पुढे खरा ठरला. संकल्पनेचे श्रेय त्यांच्याकडे व रेणूचे फ्रीडमन यांच्याकडे, ही विभागणी अधिक न्याय्य वाटते.

माणसातील पुरावा १९९७ मध्ये मिळाला. जन्मजात लेप्टिन-अभाव असलेल्या दोन चुलत भावंडांपैकी आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किग्रॅ., तर दोन वर्षांच्या मुलाचे २९ किग्रॅ. होते. लेप्टिन टोचल्यावर अशा रुग्णांची भूक आवरते. सर्वसाधारण लठ्ठपणात मात्र लेप्टिन मुळातच जास्त असते. त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो, म्हणून बाहेरून दिल्याचा उपयोग फारसा होत नाही. उलट, मेदच नसलेल्या मेदक्षय विकारात मधुमेह व यकृतात मेद साचणे आढळते आणि तेथे लेप्टिन गुणकारी ठरते. अमेरिकेत त्यासाठी मेट्रेलेप्टिनला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

ॲडिपोनेक्टिन हे इन्शुलिनची परिणामकारकता वाढवणारे प्रथिन मेदपेशींतूनच येते, पण मेद वाढला की रक्तातील त्याचे प्रमाण घटते. रेझिस्टिन हे दुसरे प्रथिन उंदरांत मेदपेशींतून, तर माणसांत मुख्यतः महाभक्षी या प्रतिरक्षा पेशींतून स्रवते. त्यामुळे उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

लठ्ठपणात मृत मेदपेशीभोवती महाभक्षी पेशींचे कडे जमते. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या मेदात टीएनएफ-आल्फा हे दाहकारक प्रथिन आढळल्यापासून दाह हेच इन्शुलिन-प्रतिरोधाचे (इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावण्याचे) मूळ मानण्याकडे कल होता. परंतु १९९६ च्या एका छोट्या चाचणीत टीएनएफ-आल्फा निष्प्रभ करणारे प्रतिपिंड देऊनही मधुमेहींची इन्शुलिन-संवेदनशीलता सुधारली नाही. त्वचेखालच्या मेदाची साठवणक्षमता संपली की मेद यकृत व स्नायूंत उतरतो, हे स्पष्टीकरण मेदक्षयालाही लागू पडते, म्हणून ते अधिक समाधानकारक दिसते.

मेदाच्या प्रमाणाइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे, हे फ्रान्समधील मार्सेचे वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्येच नोंदवले होते. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या वैद्यक संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: दोघांचा देहभार निर्देशांक (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) २२.३, पण शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. पोटाचा लठ्ठपणा ठरवताना भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंमी. धरतात.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचा मोठा भाग मेदातून येतो. गर्भाशय-अंतःस्तर व स्तन यांच्या कर्करोगाचा लठ्ठपणाशी असलेला संबंध काही अंशी यावरून उलगडतो. उष्णता निर्माण करणारा तपकिरी मेद प्रौढांतही असतो.