कॅमशाफ्ट : टूरिंग मोटारसायकलीसाठी निवड

चार धावांच्या एंजिनात झडपा केव्हा उघडायच्या, किती उघडायच्या आणि केव्हा मिटायच्या हे ठरवणारा दंड म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो. दंडावरील उंचवट्याला लोब किंवा कॅम म्हणतात; व्यवहारात अख्ख्या कॅमशाफ्टलाही नुसते कॅम म्हणण्याची रीत आहे. मूळ कॅमशाफ्ट काढून वेगळ्या लोबचा बसवण्याची प्रथा शर्यतींच्या गाड्यांतून आली आणि तेथूनच ती सामान लादून दूरवर जाणाऱ्या टूरिंग गाड्यांकडे वळली. शर्यतीचे निकष मात्र टूरिंगला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

उगम : कॅम हा यंत्रभाग एंजिनापेक्षा पुष्कळ जुना आहे, तथापि तो प्रथम कोठे वापरला गेला याविषयी एकमत नाही. चीनमध्ये पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या मुसळांचा उल्लेख हुआन तान याच्या इ. स. २० च्या सुमाराच्या लेखनात येतो. त्या मुसळांना कॅमशिवाय उचल मिळणे कठीण, म्हणून हा पुरावा सहसा मान्य केला जातो. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात ग्रीक स्वयंचलित खेळण्यांतून कॅम इ. स. पू. तिसऱ्या शतकाइतका मागे नेता येतो, असे काही अभ्यासक मानतात. रोमन काळातील खाणींत सापडलेल्या, ठरावीक अंतरावर खळगे पडलेल्या दगडी ऐरणींवरून तेथे जलचलित हातोडे असावेत, असाही तर्क आहे. युरोपात कॅमचा औद्योगिक वापर मध्ययुगातच सुरू झाला हे जुने मत या ऐरणींमुळे मागे पडले. एकाच दंडावर अनेक कॅम बसवण्याचे निःसंदिग्ध वर्णन अल्‌-जझरी याच्या १२०६ मधील ग्रंथात आहे. केवळ कॅम नव्हे तर कॅमशाफ्ट म्हणायचे असेल, तर ही तारीख अधिक भरवशाची वाटते.

आरंभीच्या मोटारसायकलींत शोषण झडपेला (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेला) कॅमच नसे. पिस्टन खाली गेला की पोकळीमुळे झडप आपोआप ओढली जाई. कॅम होता तो फक्त निष्कास झडपेला (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेला). हार्ले-डेव्हिडसनचे १९०९ चे व्ही-ट्विन एंजिन याच पद्धतीचे होते आणि ते फसले. १९११ मध्ये ते परत आले ते यांत्रिक शोषण झडप घेऊन. मस्तकावरील (सिलिंडरच्या हेडवरील) दुहेरी कॅमशाफ्टचे श्रेय साधारणपणे १९१२ च्या प्यूजो शर्यती मोटारीला व तिचा अभिकल्पक एर्नेस्ट आंरी याला देतात. मूळ कल्पना इस्पानो-स्विझाच्या मार्क बिर्किग्टची होती आणि ती बार्सिलोनाहून प्यूजोकडे गेली, असा प्रतिपक्ष आहे. हा वाद बराच चघळला गेला आहे. एंजिनाच्या बाजूने पाहिले तर प्यूजोचे एंजिन प्रत्यक्ष धावले आणि जिंकले, एवढे निर्विवाद आहे.

निवडीचे आकडे : कॅमच्या पत्रकावर लिफ्ट (झडप किती उचलली जाते), ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांपर्यंत ती उघडी राहते), शोषण व निष्कास लोबमधील कोन आणि झडपांच्या उघड-मिटीचे अंश दिलेले असतात. गिऱ्हाईक बहुधा लिफ्ट विचारते. टूरिंगसाठी पाहायचा आकडा वेगळा आहे : पिस्टन तळाला पोचून वर निघाल्यावर शोषण झडप किती अंशांनी मिटते तो. झडप मिटेपर्यंत सिलिंडरमध्ये दाब धरत नाही. मंद गतीला तोवर आलेले मिश्रण उलट बाहेर ढकलले जाते. जलद गतीला आत येणाऱ्या हवेच्या झोतालाच इतका जोर असतो की उशिरा मिटणे फायद्याचे ठरते.

उदाहरणार्थ, जुन्या ३५० सीसी बुलेटची मापे घेऊ : ७० मिमी. व्यास, ९० मिमी. धाव. कनेक्टिंग रॉडची लांबी धावेच्या दुप्पट आणि संपीडन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ८.५ धरू. झडप ४० अंशांवर मिटली तर ९० पैकी सुमारे ८२ मिमी. धाव दाबण्यासाठी उरते आणि प्रत्यक्ष गुणोत्तर ७.८ येते. ती ६० अंशांवर मिटली तर सुमारे ७२ मिमी. उरतात आणि गुणोत्तर ७ वर उतरते. गेलेला दाब परत मिळवायचा तर कागदोपत्री गुणोत्तर ८.५ वरून साधारण ९.५ पर्यंत न्यावे लागते, म्हणजे हेड घासणे किंवा पिस्टन बदलणे आले. ‘मोठा कॅम टाकला आणि पिकअपच गेला’ ही तक्रार बहुतेक वेळा येथूनच निघते. कॅम वाईट नसतो, त्याच्याबरोबरचे काम अर्धे राहिलेले असते.

ड्युरेशनची तुलना करताना मोजण्याची पद्धत आधी पाहावी. काही कारखानदार झडप जागेवरून हलताच मोजणी सुरू करतात, मोटारींच्या कॅमसाठी १.२७ मिमी. उचलीपासून, हार्लेच्या सुट्या भागांत १.३५ मिमी.पासून, तर अन्यत्र १ मिमी.पासून मोजतात. एकाच कॅमचे ‘२७०’ आणि ‘२३०’ असे दोन्ही आकडे खरे असू शकतात. दोन कॅमचे ड्युरेशन सारखे असले तरी वागणे सारखे नसते. २४० अंशांच्या शोषण लोबचा मध्य पिस्टनच्या शिरोबिंदूनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्यानंतर) १०४ अंशांवर असेल तर झडप तळानंतर ४४ अंशांवर मिटते, ११० वर असेल तर ५० वर. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, लोबमधील कोन अरुंद होईल तसा वाढतो : दोन्ही लोब २४० अंशांचे आणि कोन १०८ असेल तर तो २४ अंश, कोन १०४ केला तर ३२. ओव्हरलॅप वाढला की गाडी उभी असताना फायरिंग डळमळते आणि हळू चालीत अ‍ॅव्हरेज घटते. भारत स्टेज ६ या उत्सर्जन मानकाच्या गाड्यांत आणखी एक गुंता होतो. न जळलेले मिश्रण थेट निष्कास नळीत जाते, त्यातल्या प्राणवायूवरून सेन्सर मिश्रण पातळ आहे असे समजतो आणि नियंत्रक विनाकारण पेट्रोल वाढवतो.

नाशिकसंदर्भात : शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ ७ टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे सिलिंडर तितकाच कमी भरतो आणि ठोक्याचा (नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याचा) धोकाही घटतो. लवकर मिटणारा कॅम व वाढवलेले संपीडन यांची चाचणी गंगापूर रोडवर घेऊन समाधान मानणाऱ्याला कसारा (थळ) घाट उतरून शहापूर-भिवंडीच्या उकाड्यात पोचल्यावर चढाला टणटण ऐकू येते, ती यामुळे. ठिणगी किती अंश आधी पाडायची ते आणि संपीडन खालच्या, दाट हवेच्या टोकाला धरून ठरवावे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्याने मुंबईकडे जाणाऱ्याला हा घाट चुकत नाही. सापुतारा, त्र्यंबक-मोखाडा-जव्हार आणि घोटी-भंडारदरा या वाटांवरही वळणातून बाहेर पडताना मंद गतीची खेच लागते. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना पेट्या असताना तर अधिकच. मिनिटाला २,००० ते ४,५०० फेऱ्यांतला टॉर्क हवा असेल, तर मध्यम लिफ्ट, आखूड ड्युरेशन आणि लवकर मिटणारी शोषण झडप हीच निवड योग्य. वरच्या फेऱ्यांतली शक्ती काही प्रमाणात सोडावी लागते.

एंजिनाचा प्रकार : रॉयल एन्फील्डच्या जुन्या ओतीव लोखंडी एंजिनात शोषण व निष्कास यांचे कॅम वेगळे असून टॅपेट (कॅमवर टेकून त्याची उचल झडपेकडे नेणारे भाग) हाताने जुळवावे लागतात. नंतरच्या यूसीई एंजिनात (एंजिन व गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) तेलाच्या दाबाने आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले. २०१८ च्या ६४८ सीसी जुळ्या एंजिनात आणि २०२० पासूनच्या ३४९ सीसी एंजिनात कॅमशाफ्ट मस्तकावर आहे. हार्लेच्या १९९९ च्या मॉडेलांपासूनच्या ट्विन कॅम एंजिनात दर सिलिंडरला एक असे दोन कॅमशाफ्ट साखळीने फिरतात. सुरुवातीच्या आवृत्त्यांत साखळी ताणणारे प्लास्टिकचे बूट झिजत, म्हणून ते पाहायला एंजिन उघडले की त्याच खर्चात कॅमही बदलण्याचा प्रघात पडला. २०१७ च्या मिलवॉकी-एट एंजिनात कंपनी पुन्हा एकाच कॅमशाफ्टवर आली.

तयार कॅम मिळत नसेल तर मूळचाच घासून आकार बदलता येतो. नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक पट्ट्यात सूक्ष्म ग्राइंडिंगचे कसब आहे, परंतु सिलिंड्रिकल ग्राइंडरवर कॅमचा आकार निघत नाही. त्याला मास्टरवर (नमुन्याच्या कॅमवर) चालणारे अथवा संगणकनियंत्रित कॅम ग्राइंडर लागते. घासताना लोबचे टोक तसेच ठेवून तळवर्तुळ (उंचवट्याखेरीजचा गोल भाग) लहान करतात. ते अर्धा मिमी.ने उतरले की टॅपेटही अर्धा मिमी. खाली बसतो आणि तेवढी भर पुशरॉडमध्ये (टॅपेटची उचल वर नेणाऱ्या दांड्यात) घालावी लागते. पृष्ठभागाचा कठीण थर पातळ असल्यास तो घासण्यातच निघून जातो. मग नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करणे) न करता बसवलेला लोब लवकरच गोल होतो आणि त्याची पूड तेलात उतरते.

बसवणी : डिग्री प्लेट (अंश दाखवणारी तबकडी) व डायल गेज (उचल मोजणारे मापक) लावून झडप पत्रकाप्रमाणे उघडते-मिटते का हे पाहावे, नुसत्या टायमिंगच्या खुणांवर विसंबू नये. पिस्टन आणि झडप यांत शोषणाच्या बाजूला निदान २ मिमी. व निष्कासाच्या बाजूला २.५ मिमी. मोकळीक ठेवण्याचा संकेत आहे. पिस्टनवर मळलेली माती ठेवून, एंजिन हाताने फिरवून आणि दबलेली जाडी कापून मोजणे ही जुनी रीत अजूनही चालते. लिफ्ट वाढली असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसत नाहीत ना, तेही बघावे लागते. सपाट टॅपेटच्या एंजिनात नवा कॅम पहिली वीसेक मिनिटे २,००० फेऱ्यांवर चालवतात, कारण मंद फेऱ्यांत लोबवर पुरेसे तेल उडत नाही. रोलर टॅपेटला ही गरज नसते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. कॅमशाफ्टचा उल्लेख नोंदणीपत्रात नसतो. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या भारत स्टेज ६ च्या उत्सर्जन मर्यादा मूळ कॅमवरच तपासलेल्या असतात.